दुसऱ्या अल्बममधून कापलेलं सुंबरान

आमचा पहिला अल्बम चोरीला गेला, असं मी आजही म्हणतो. आमच्याकडे वरातीत गाणं चालू असताना मध्येच भसाड्या आवाजात डीजेवाल्याचं नाव येतं. त्याला आम्ही टॅग म्हणतो. मी आणि माझा जोडीदार, दोघांनी केलेल्या नाचाच्या गाण्यांवर मंचरपासून ओतूरपर्यंत ज्याने त्याने आपला टॅग मारला. माझ्या चुलतभावाच्या वरातीतसुद्धा माझं गाणं दुसऱ्याच्या नावाने वाजलं. मी स्पीकरच्या गाडीवर चढून त्या डीजेवाल्याची कॉलर धरली. तो हसत म्हणाला, "राव, गाण्यावर कुठं तुमचं नाव लिवलंय?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलत वर आलेला माणूस. कोणी माझं काही नेलं की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या अल्बमसाठी माझी एकच अट होती. माझं नाव असं ठोकायचं, की कोणाला उपटता येऊ नये.

जोडीदार अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेला. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर त्याचे. स्पीकर, गिऱ्हाईक आणि तोंड माझं. त्यानेच खोडदला एका म्हाताऱ्या धनगराची ओवी ऐकली होती. "भाऊ, असला आवाज पैदा करता येत नाही," तो म्हणाला. आम्ही सकाळीच निघालो. रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांच्या अलीकडे, कांदा निघालेल्या शेतात त्या बाबांनी मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढ्यांभोवती लावलेली जाळीची वाघर गुंडाळत ते म्हणाले, "किती येळ गाऊ?"

"तीन मिनिटं, बाबा."

"तीन मिंटात तर मी नुसता खाकरतो, पावणं."

मग आमची घासाघीस झाली. ते तासावर होते, मी मिनिटांवर. घासाघिशीत मला कोणी हरवत नाही. शेवटी ते म्हणाले, "मधलं काय बी कापा. पन सुंबरान कापू नगा."

सुंबरान म्हणजे ओवीच्या आधीचं नमन. देवाला, धरतीला, गुरूला हाक मारल्याशिवाय ओवी सुरू होत नाही. जोडीदाराने विचारलं, का नाही होत? बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पोराने पाणी का प्यायचं असं विचारलं. "आदी त्यांचं नाव घ्यायचं, मंग आपलं त्वांड उघडायचं. न्हाईतर लोकास्नी वाटंल, हे समदं माझंच हाय."

मी शब्द दिला. देताना मनात काळंबेरं नव्हतं, हे खरं आहे. पण त्याने काही फरक पडत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये सुंबरान दीड मिनिटाचं निघालं. दीड मिनिट बीट पडला नाही तर वरात रस्त्यात खाली बसते. मी म्हणालो, काप. जोडीदार म्हणाला, "भाऊ, आपण शब्द दिलाय."

"शब्द मी दिलाय, तू नाही."

तो कापेना, तेव्हा मी खुर्चीला लाथ मारली आणि माऊस हातात घेऊन स्वतः कापलं. जिथे देवाचं नाव होतं तिथे माझं नाव टाकलं, आणि पुढे दर अर्ध्या मिनिटाला परत टाकलं. जोडीदार एवढंच म्हणाला, "भाऊ, अल्बमवरून माझं नाव काढा." मी काढलं. वर गावभर सांगत सुटलो की ऐन वेळी जोडीदाराने दगा दिला. लोक हळहळले. मला ते आवडलं.

अल्बम तुफान चालला. त्यातही ओवीचं गाणं.

पिंपळवंडीला एका लग्नात ते बाबा मला पुन्हा भेटले. लग्न त्यांच्याच भावकीतलं. भर दुपारची वरात होती आणि गाडी माझी होती. ते देवळाच्या ओट्यावर बसलेले. ओवी लागली तसा त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"पावणं, आवाज माझ्यावानीच हाय की!"

"तुमचाच आहे, बाबा."

ते कानामागे हात धरून ऐकत राहिले. समोर त्यांच्या सुना-नातवंडं नाचत होती. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "सुंबरान झालं व्हय? मला न्हाई ऐकू आलं."

तेव्हा खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "झालं की, सुरुवातीलाच. गर्दीत ऐकू आलं नसेल."

"आन् मदी मदी ह्यो कोन वरडतोय?"

"ते मशीन आहे, बाबा."

त्यांनी मान हलवली. स्पीकरच्या भिंतीकडे तोंड करून, न झालेल्या नमनाला त्यांनी उशिराने हात जोडले. शेजारच्या बाईला हसत म्हणाले, "कान गेलं बया माजं." मी वायर बघायच्या निमित्ताने तिथून उठलो.

महिन्याभराने खोडदच्या एका शेतकऱ्याकडून कळलं, की म्हातारबांनी ओवी बंद केली. कान गेले म्हणतात, सूर कळत नाही म्हणतात. मी खोडदला जायचं ठरवलं. जोडीदाराला सोबत न्यावं असं वाटलं. पण फोन करायचा म्हणजे त्याच्याबद्दल जे बोललो ते आधी परत घ्यावं लागणार. तेवढी हिंमत झाली नाही. अजूनही झालेली नाही. एकटाच गेलो.

बाबा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मी उभ्यानेच सांगितलं, "बाबा, तुमचे कान शाबूत आहेत. सुंबरान मीच कापलं."

ते काटा शोधत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "आन् मशीन?"

"तो मी. माझंच नाव ओरडत होतो."

काटा निघाला. त्यांनी मेंढी सोडून दिली. मला वाटलं, आता शिवी येईल. मी शिवीसाठीच आलो होतो. शिवी बसली की हिशोब मिटतो. ते म्हणाले, "म्हंजी मी महिनाभर फुकट मुका ऱ्हायलो."

"मी नाव काढून टाकतो, बाबा. सुंबरान परत घालतो."

"आन् जे लोकांकडं गेलंय ते?"

ते परत आणता येत नाही. प्रत्येक पेनड्राईव्हमध्ये पोचलंय. भाव करायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं.

त्यांनी हात धुतले, पटका नीट बांधला, घसा साफ केला आणि थांबले. मी जमिनीवर बसायला लागलो.

"बसू नगा," ते म्हणाले. राग नव्हता आवाजात. "तुमी हितं हाय तवर म्या न्हाई सुरू करनार."

मी बांध ओलांडून मोटारसायकलपाशी गेलो. मागून पहिली हाक आली, लांब आणि सरळ. थांबलो असतो तर सगळं सुंबरान ऐकू आलं असतं. मी किक मारली.