सोबत कोण आहे?

लोकांना वाटतं, दवाखान्यातले किस्से धावपळीत घडतात. साफ चूक! धावपळ असते तेव्हा कुणाला डोकं वर काढायला फुरसत नसते. किस्से साचतात ते काम थांबल्यावर. आमच्याकडे काम थांबलं होतं, म्हणून एवढे साचले. ऐकणारे हसतात, मीही हसवत हसवतच सांगतो. पण त्या दिवसांत आमच्यापैकी कुणी मनापासून हसलं असेल, असं मला वाटत नाही.

मी भूल देणारा डॉक्टर. राहतो हिंगोलीत. सेनगावला भास्कर सरांचा छोटा दवाखाना आहे, तिथं ऑपरेशन असलं की गाडी काढून जायचो. सर सर्जन. ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, सगळी सत्ता कांता सिस्टरांकडे आणि ॲम्ब्युलन्सची मुनीरभाईंकडे. बस, एवढीच आमची टोळी.

तर सरांनी ऑपरेशन करणं सोडलं होतं. पुसेगावकडून गिरजाबाई नावाच्या एका बाईला जीपमधून आणलं होतं, आतडं फुटलेलं. नांदेड गाठण्याइतका वेळ तिच्याजवळ उरला नव्हता. सरांनी पोट उघडलं आणि ती टेबलावरच गेली. चूक कुणाचीच नव्हती. मी तिच्या उशाशी उभा होतो, मला माहीत आहे. पण हे सरांच्या गळी कोण उतरवणार? त्यानंतर अपेंडिक्स येवो की हर्निया, सर तपासायचे, चिठ्ठी लिहायचे आणि म्हणायचे, "नांदेडला न्या."

मी मात्र काम नसतानाही जात राहिलो. "पेशंटच नाहीत, तर तुम्ही झोपवता कुणाला?" असं बायको विचारायची. सरांना एकटं सोडवत नव्हतं, हे खरं कारण. तिलाही ते ठाऊक होतं.

*

सरांची मुलगी पुण्याला शिकते. दिवाळीला आली तेव्हा जाताना तिनं आपला शाळेतला जुना गेम बाबांच्या टेबलावर ठेवला. चष्म्याच्या डबीसारखं मिटणारं यंत्र, आत दोन पडदे. खालच्या पडद्यावर प्लास्टिकची कांडी टेकवून खेळायचं. आणि खेळ कसला? ऑपरेशनचा! तीच कांडी कधी ब्लेड, कधी चिमटा, कधी सुई. वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतं, पेशंटची नाडी उतरत जाते आणि शून्यावर आली की खेळ खलास.

"बाबा, हात तरी चालू ठेवा," एवढंच बोलून ती बसमध्ये बसली.

बरेच दिवस ती डबी तशीच पडून होती. मग एकदा ओटीशेजारच्या खोलीत चहा पिता पिता सरांनी ती उघडली. आम्ही तिघं त्यांच्या खुर्चीमागे गोळा झालो. पडद्यावर पेशंट आला, घड्याळ सुरू झालं. सरांची कांडी मात्र हवेतच.

"सर, कापा ना," मी म्हणालो.

"सोबत कोण आहे याच्या?" सरांनी विचारलं.

ही सरांची पहिल्यापासूनची रीत. सही-अंगठा सगळं झालं तरी ते ब्लेड उचलत नसत. ओटीबाहेर एक लाकडी बाक आहे, त्यावर नातेवाइकाच्या शेजारी जाऊन बसायचं, काय कापणार, काय होऊ शकतं ते त्याच्या बोलीत सांगायचं आणि तो आपल्या तोंडानं "करा" म्हणेपर्यंत थांबायचं. कुणी लगेच म्हणतं, कुणी गावाकडं फोन लावतं. सर वाट बघायचे. आमचाही चहा तोवर गार व्हायचा.

मुनीरभाईंनी हात वर केला. "मैं हूँ सर, इसका चाचा. करा!"

पण तोवर घड्याळ संपलं होतं. आमचा पहिला पेशंट असा गेला, की त्याला ओरखडासुद्धा उठला नव्हता!

*

मुनीरभाईंनी मग सोयरिकीचं खातंच सांभाळलं. पेशंट पडद्यावर यायच्या आत ते "मैं इसका साला, करा!" म्हणून टाकायचे. त्यामुळे सर एकदा बरेच पुढे गेले. गाठ काढली, रक्त टिपलं, आता टाके तेवढे घालायचे राहिले. नाडी झपाट्यानं उतरत होती. सरांनी सुई निवडली आणि मागून सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं.

"सर, काउंट न्हाई झाला."

खऱ्या ऑपरेशनमध्ये पोट शिवण्याआधी सिस्टर कापसाचे गॉज मोठ्यानं मोजतात. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले, अशी खात्री झाल्याशिवाय सुईला हात लावायची कुणाची टाप नाही, सरांचीही नाही.

"सिस्टर, यात गॉज नसतात," मी म्हणालो.

"तुमाला काय ठावं, नसतात म्हून? त्या पोरीनं मोजले का?" पडद्याच्या कडेला एक चित्रातली नर्स उभी राहून सारखी सूचना द्यायची, तिच्याकडे बोट दाखवत सिस्टर म्हणाल्या. "नुसती बडबड करून राहिली कव्हाची. हातात मोजे न्हाईत, केसं मोकळे!"

एवढ्यात नाडी शून्य झाली. पेशंट उघड्या पोटानं गेला.

सिस्टरांनी शांतपणे चहाचे कप उचलले. "जाऊ द्या. आत बोळा राहिलेला माणूस घरी पाठवण्यापरीस हे बरं."

*

माझीही फजिती सांगतो. कुठलाही पेशंट समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सकाळपासून काही खाल्लं का?" भरल्या पोटी भूल दिली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या तोंडी इतका बसलाय, की एका लग्नात मी नवरदेवालाच विचारला होता.

कांडी माझ्या हातात आली तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघालं. "यानं सकाळपासून काही खाल्लंय का?" सांगणार कोण? पेशंट तर आधीच झोपलेला. मग याला भूल दिली कुणी? मी कापायचं सोडून त्या डॉक्टरला शोधत बसलो. सर्जन आहे, नर्स आहे, फोनवरून दम देणारा मोठा साहेबसुद्धा आहे, पण भूल देणारा अख्ख्या खेळात नाही! नाडी उतरली की कांडीनं एक इंजेक्शन टोचायचं, झटक्यात वर. असलं औषध कुठल्या मेडिकलमध्ये मिळतं, तेही कुणी सांगत नाही.

मी बराच वेळ कुरकुरत होतो. शेवटी मुनीरभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाने दो साहब. असल में भी आप किसको दिखते?"

*

पहिला पेशंट वाचवला तो मुनीरभाईंनीच. ना काउंट, ना उपाशी-तापाशी. ॲम्ब्युलन्स चालवतात तशीच कांडी चालवली, तोंडानं हॉर्नसुद्धा वाजवला. पेशंट ठणठणीत! सिस्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"मुनीर, भीती नाही वाटली?" सरांनी विचारलं.

"कायकी भीती सर? मर गया तो फिर से दबाव. फिर जिंदा!"

ते खरंच होतं. पेशंट गेला की पडद्यावर एक चौकोन यायचा, त्यावर कांडी टेकवली की तोच माणूस पुन्हा टेबलावर. आम्ही तिघंही तो चौकोन बिनदिक्कत दाबत आलो होतो. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की सरांनी तो एकदाही दाबला नव्हता. त्यांचा पेशंट गेला की ते डबी मिटायचे.

मुनीरभाईंनाही आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं. ते उगाच गाडी पुसायला निघून गेले.

*

एकदा तर सरांनी डबीही मिटली नाही. खेळात एक अवघड पायरी होती. पोटात एकीकडे रक्त थांबवावं तर दुसरीकडून सुरू व्हायचं. सर तिथंच अडकायचे. का अडकायचे ते मला आणि सिस्टरांना माहीत होतं, गिरजाबाईच्या वेळी आम्हीही टेबलाशीच होतो, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळायचो. त्या दिवशी नाडी शून्य झाली. सरांनी कांडी खाली ठेवली, उठले आणि सरळ दार उघडून बाहेर बाकाकडे गेले.

पेशंट गेला तर तेही त्याच बाकावर बसून स्वतः सांगायचं, ही रीतीची दुसरी बाजू.

बाकावर एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याला तापासाठी सलाईन लावलं होतं. सर तिच्या शेजारी बसले आणि नुसते बसून राहिले. सेनगावात सरांची ही रीत कुणाला माहीत नाही? बाईनं पदर तोंडाला लावला आणि असा हंबरडा फोडला, की तिचा नवरा सलाईनची बाटली हातात धरून स्वतःच बाहेर आला!

"काहून रडून राहिली गं? काय झालं?"

पुढे बराच वेळ आम्ही त्या दोघांची समजूत घालत होतो. सर मात्र खोलीत जाऊन खिडकीकडे तोंड करून उभे होते. मला फार वाईट वाटलं. एवढा हुशार हात, आणि तो खिशात घालून हा माणूस उभा!

*

सरांची चिठ्ठी घेऊन पेशंट नांदेडला न्यायचे मुनीरभाई. एकदा एक कॉलेजातला पोरगा होता, अपेंडिक्सचा. सरांनी डोळे मिटून केलं असतं, असं काम. हिंगोलीपर्यंत पोरगा बोलत होता. कळमनुरी आली आणि बोलेना. आई हाका मारतेय, हा गप्प. आठवडी बाजाराच्या गर्दीत मुनीरभाईंनी गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि त्याला गदागदा हलवलं.

पोरगा झोपला होता! रात्रभर पोटदुखीनं डोळा लागला नव्हता, गाडीच्या हेलकाव्यानं लागला.

तो सुखरूप नांदेडला पोचला, ऑपरेशनही झालं. पण मुनीरभाई परत आले ते हसत नव्हते. त्यांनी ॲम्ब्युलन्सची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली.

"सर, अब मेरे से नहीं होता. आपके होते हुए मैं लोगां को रस्ते पे लेके फिरतूं. कल कोई सच में चुप हो गया तो?"

सरांनी किल्ली उचलून त्यांच्या हातात परत दिली.

*

आता शेवटचा.

गिरजाबाईचा नवरा सटवाजी बाप्पा. मेंढ्या राखणारा माणूस, खांद्यावर कायम घोंगडं. ती गेली तेव्हा बाकावर सरांनी त्यालाच सांगितलं होतं. त्याआधी "करा" म्हणालाही तोच होता. ती गेल्याचं ऐकून नुसतं "बरं" म्हणाला होता. त्या "बरं"नंच सरांना जास्त लागलं, असं मला नेहमी वाटत आलं.

तो एक दिवस सकाळीच ओपीडीत आला. एकटाच. जांघेत हर्नियाचा गोळा, मेंढरांमागं चालणं अवघड झालेलं. सरांनी खाली मान घालून तपासलं आणि चिठ्ठी लिहिली.

"बाप्पा, नांदेडला करून घ्या. तिथं सोय चांगली हाय."

"बरं," बाप्पा म्हणाला. चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि बाहेर जाऊन त्याच बाकावर बसला. जीपची वाट बघत असेल, असं आम्हाला वाटलं. एक जीप गेली, दुसरी गेली, बाप्पा जागचा हलला नाही. सिस्टरांनी चहा नेऊन दिला, तर त्यानं हात जोडून नको म्हटलं.

दुपारी सर आमच्या खोलीत येऊन बसले. चेहरा उतरलेला. दार उघडंच होतं, पण बाक भिंतीच्या आड, तिथून खोलीतलं दिसत नाही. काहीतरी हातात हवं म्हणून सरांनी डबी उघडली. तीच अवघड पायरी समोर आली. घड्याळ सुरू झालं.

"सोबत कोण आहे?" सरांनी सवयीनं विचारलं.

मुनीरभाई डिझेल भरायला गेले होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात बाहेरून आवाज आला.

"मी हाय, डाक्टरसायेब. करा."

सिस्टरांच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. सरांची कांडी पडद्यावर टेकलेली होती, ती हलेना. नाडी उतरत गेली, चित्रातली नर्स काहीबाही ओरडत राहिली. सरांनी डबी मिटली. मग सावकाश उठले, बाहेर गेले आणि बाकावर बाप्पाच्या शेजारी बसले. मी दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो.

सरांनी माझा प्रश्न विचारला.

"बाप्पा, सकाळपासून काही खाल्लं का?"

"न्हाई जी," बाप्पा म्हणाला. "घरूनच उपाशी निघालो."

आत कांता सिस्टर गॉज मोजायला लागल्या होत्या.