आई, मी आणि थायलंडची दोन पोरं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडे शिरूरला आली. दौंडचं आमचं घर पहिल्या मजल्यावर, जिना उभा, आणि धाकटा भाऊ दिवसभर दवाखान्यात एक्स-रे काढायच्या नोकरीत गुंतलेला. डॉक्टर म्हणाले, काही महिने जिना नको. माझा फ्लॅट तळमजल्यावर आहे. मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, नवऱ्याची बहुतेक सेकंड शिफ्ट असते. म्हणजे संध्याकाळी घरात आम्ही दोघीच.

माझी एक गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती. कंपनीच्या बसमध्ये बसलं की कानात हेडफोन घालून मी थाई मालिका बघायचे. त्याही साध्यासुध्या नाहीत, दोन मुलांच्या प्रेमाच्या. त्यांना बीएल म्हणतात, हे मला आमच्या लाइनवरच्या एका ट्रेनी मुलीनं सांगितलं. तिनं पहिला एपिसोड दाखवला तेव्हा विस्तवाला हात लागावा तसा मी तिचा मोबाइल परत दिला होता. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मीच तिच्याशेजारी जागा धरली आणि विचारलं, "पुढं काय होतं गं त्यांचं?"

त्या दिवसांत मी जी मालिका पुन्हा पुन्हा बघत होते, तिच्यातला एक मुलगा आर्किटेक्टचं शिकणारा, श्रीमंताघरचा. दुसरा वडिलांच्या माघारी त्यांचं फुलांचं दुकान चालवणारा. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते आणि मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता. आई आत पडलीय असं समजून मी निवांत होते. ती वॉकर घेऊन कधी मागं येऊन उभी राहिली कळलंच नाही.

"हे कुठलं गं विहार?"

मी दचकले. पडद्यावर फुलवाला मुलगा सोन्यासारख्या बुद्धमूर्तीपुढं कमळं ठेवत होता.

"थायलंडचं आहे," मी म्हणाले.

"म्हंजी आपलीच मान्सं की! बोधगयेला त्यांचं विहार बघितलंय मी, आपल्या वॉर्डातल्या बायकांबरूबर गेल्ते तवा." तिनं खुर्ची ओढली. "एवढ्याशा डबीत काय बघती? टीव्हीवर लाव."

नाही म्हणायला काही कारणच सुचेना. लावली टीव्हीवर.

आईला इंग्रजी येत नाही. खालची अक्षरं वाचून मी मराठीत सांगायचं, असं ठरलं. मग मी सरळ खोटं सांगायला लागले. फुलवाला म्हणाला, "तू आला नाहीस की माझा दिवस जात नाही," तर मी सांगितलं, "तो म्हणतोय, तू माझा लई चांगला मित्र आहेस." दुसरा म्हणाला, "मला तू आवडतोस," तर मी सांगितलं, "तो म्हणतोय, तुझं दुकान आवडलं."

आईनं दोन-तीन एपिसोड ऐकून घेतलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दुकानाकडं असं बघत्यात व्हय?"

मी रिमोटनं आवाज वाढवला.

"नीट सांग. मी काय कुक्कुलं बाळ न्हाई."

त्यानंतरच्याच एपिसोडमध्ये आर्किटेक्टच्या वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं. तो भिजत फुलांच्या दुकानात आला, रडला, आणि फुलवाल्यानं त्याला जवळ घेऊन ओठांवर ओठ टेकवले. मी रिमोटवर झडप घातली.

"राहू दे," आई म्हणाली.

माझे कान तापले. आईशेजारी बसून मी कधी मराठी सिनेमातलं गाणंसुद्धा पूर्ण बघितलं नव्हतं. आई मात्र पापणी न हलवता बघत होती. एपिसोड संपला तसं मी विचारलं, "आई, तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की. छातीत धस्स झालं. पन ते पोरगं रडत हुतं गं. बाप घरातनं काडतो म्हंजी काय!" थोडं थांबून ती म्हणाली, "पुढचं लाव."

आयुष्यभर अंगणवाडीत काढलेली, डोक्यावरचा पदर कधी ढळू न दिलेली माझी आई. मी तिच्याकडं बघतच राहिले.

पुढं मी कंपनीतून यायच्या आत ती टीव्हीसमोर तयार असायची. तिला आवडायचं ते मलाही आवडायचं, फक्त मला ते कधी शब्दांत मांडता आलं नव्हतं. "हे लोक घाई करत न्हाईत," ती म्हणायची. "नुस्तं समोरासमोर बसत्यात, आन् आपल्याला समदं कळतं." फुलवाल्याची आई तिला फार पटली. मुलानं सांगितल्यावर ती बाई काहीच बोलली नव्हती, उठून तिनं त्या दुसऱ्या मुलासाठी भात वाढला होता. तो प्रसंग आईनं पुन्हा लावायला लावला.

पण ती नावं ठेवायलाही कमी करायची नाही. "हा शिकतो कवा? एक दिस वही उघडली न्हाई." "समद्या पोरी एक तर जळत्यात न्हाईतर टाळ्या वाजवत्यात, त्यांना दुसरं काम न्हाई का?" मी हसायचे. मलाही हे सगळं दिसायचं, पण मी तिकडं काणाडोळा करायचे.

मग आला तो दारूचा एपिसोड. फुलवाला पिऊन पडलेला असतो, काही शुद्ध नसते, आणि आर्किटेक्ट त्याचे मुके घेत राहतो. माझा हा सर्वांत लाडका प्रसंग. मागं वाजणाऱ्या पियानोसकट मला पाठ होता.

"बंद कर," आई म्हणाली.

मला वाटलं, झालं, आता आईची सहनशक्ती संपली. "अगं, आता काय नवीन आहे? त्या दिवशी तर तू…"

"त्याला शुद्ध न्हाई."

"पण त्याचं प्रेम आहे ना त्याच्यावर."

"मंग सकाळी इचारायचं. निजल्याल्या मान्साला हात लावायचा न्हाई. पोरगी असू न्हाईतर पोरगा असू." तिचा आवाज चढला होता. "तुझ्या संगट कुनी असं केलं अस्तं तर चाललं अस्तं का?"

मला चपराक बसल्यासारखं झालं. पुढचा भाग लावला, तर मालिकेनं सकाळी त्या गोष्टीचा विनोद करून टाकला होता. मागं गमतीचे आवाज, मित्रांची चिडवाचिडवी. माफी कुठंच नाही. इतक्या वेळा बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो प्रसंग मी पुन्हा लावलेला नाही.

रविवारी भाऊ आईला भेटायला यायचा. बत्तीस वर्षांचा, स्वभावानं शांत. आम्ही दाखवलेलं प्रत्येक स्थळ त्यानं काही ना काही कारण काढून परत पाठवलं होतं. त्या रविवारी मी आमटी वाढत होते. आईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं,

"तुला पोरगी पायजे का पोरगा?"

माझ्या हातातल्या पळीतली आमटी ताटाबाहेर सांडली. भावाला ठसका लागला. तो पाणी प्यायला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "काय दाखवतीयस तू हिला?"

"तिच्याकडं बघू नगं, मी इचारतीय," आई म्हणाली. "खरं सांग. पोरगा आसंल तरी मी घरातनं काडनार न्हाई."

तो आधी मोठ्यानं हसला. मग हसू मावळलं.

"पोरगीच हाय, आई. आमच्या दवाखान्यातल्या मेडिकलमधी असती. पन आपल्यातली न्हाई." मुलगी यवतजवळच्या गावातली. घर बागायतदार मराठ्यांचं, वडील सोसायटीवर संचालक, चुलते गावच्या राजकारणात.

मला वाटलं आई हसेल, म्हणेल, एवढंच ना! दोन मुलांचं प्रेम जिनं भाकरी खात पचवलं, तिला यात काय अवघड? पण आईच्या तोंडावरचा रंग उतरला. तिनं ताट सरकवलं.

"तिच्या घरी म्हाईत हाय?"

"न्हाई अजून."

आई वॉकर न घेताच उठली. आम्ही दोघं धावलो. ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. तिचं तसं तोंड कधी बघितल्याचं मला आठवत नाही, वडील गेले तेव्हाचंही नाही. "ह्याला कायतरी करत्याल गं," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी टीव्ही लागला नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती आपणहून म्हणाली, "त्या मालिकेत लई मोठी खोट हाय. त्यात कुनी भीतच न्हाई. दोन पोरं भर बाजारात हात धरून फिरत्यात, आन् एक मानूस वळून बघत न्हाई. त्यांना भावकी न्हाई का? चुलतं न्हाईत?"

मी तर याच कारणासाठी ती मालिका बघत होते.

आई "नको" असं मात्र एकदाही म्हणाली नाही. तिनं मुलीला शिरूरला बोलावून घेतलं. ती एका सुट्टीच्या दिवशी एसटीनं आली, ओढणी डोक्यावरून घट्ट घेऊन. नाजूक दिसणारी, पण बोलायला ठाम. आईनं तिला शेजारी बसवलं.

"ह्यानं इचारलं का तू?"

"मीच विचारलं. हे तर चार महिने उत्तरच देत नव्हते."

आई भावाकडं बघून पहिल्यांदा हसली. "घरी सांगायला भ्या वाटतं का?"

"वाटतं. पण आबांना मीच सांगणार. दुसऱ्याकडून कळायला नको."

तिनं सांगितलंही. आम्हाला वाटलं, तिचे वडील आरडाओरडा करतील. त्यांनी आवाजही चढवला नाही. फक्त तिच्याशी बोलणं बंद केलं, ते आजतागायत. चुलत्याचे फोन मात्र भावाला आले, आणि त्या फोनांनंतर आईनं त्याला दौंडच्या घरी एकटं झोपू दिलं नाही. वकिलाचा सल्ला घेतला. दोघांनी पुण्यात नोकऱ्या शोधल्या आणि तिथंच नोंदणी लग्न केलं.

त्या दिवशी लग्ननोंदणीच्या ऑफिसात आमची पाच माणसं. सह्या व्हायच्या होत्या, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. नवरी ओरडलीच, "आई!" मी त्या बाईच्या मागं बघितलं, कोण कोण आलंय. कोणीच नव्हतं. वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला जाते म्हणून ती बाई घरातून निघाली होती. पिशवीतून तिनं हिरवी साडी काढली, मुलीच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून रडत राहिली. माझी आई काठी टेकत तिच्यापाशी गेली. सह्या होईपर्यंत आईनं तिचा हात धरून ठेवला होता.

आई आता दौंडला परत गेलीय, जिना चढते. भाऊ-भावजय महिन्यातून एकदा तिच्याकडं येतात. एसटीनं येत नाहीत, कारण एसटी यवतला थांबते आणि तिथं ओळखीचं कुणीही चढू शकतं. यवतला न थांबणारी रेल्वे बघून मगच ते पुण्याहून निघतात.