संपर्काचं पान

भिंगारच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी प्रज्ञा तशी मऊ बोलणारी. पण डाळिंब संघाच्या वेबसाइटचा विषय काढा, की तिचं तोंड कडू झालंच म्हणून समजा. थुंकायचं तेवढं बाकी राहतं.

नव्व्याण्णव साली राहुरीजवळच्या तिच्या गावच्या संघानं वेबसाइट करायची ठरवली. तिचे वडील सहादू, म्हणजे दादा, संघाचे सभासद, तेव्हा पोरीनं काम फुकटच करायचं हे ठरलेलं. तिनंही ते हौसेनं घेतलं. दादांनी हंडे वाहून जगवलेली दीडशे झाडं पहिल्यांदाच फळाला आली होती. मुंबईचा व्यापारी थेट बांधावर आला असता, तर त्यांना दलालाच्या दारात ताटकळावं लागलं नसतं.

वेबसाइटला जागा पाच पानांपुरतीच मिळाली होती. तिनं वहीत आखून नेलं: पहिलं पान, संघाची माहिती, फळांचे प्रकार, कोणाचा माल कधी तोडणीला येणार, आणि शेवटी पत्ता-फोन.

बैठकीत चहा येईपर्यंत त्या पाच पानांची लग्नपत्रिका झाली. आधी अध्यक्ष बिभीषणरावांचं मनोगत. मग संचालकांचे फोटो, आणि कोणाचा फोटो कोणाच्या वर यावर तासभर हमरीतुमरी. मग अध्यक्षांचा सत्कार, शाल-श्रीफळासकट. मग दिवंगत संस्थापकांना अभिवादन, म्हणजे अध्यक्षांच्याच वडिलांना. डाळिंबाच्या वाट्याला कसंबसं पाचवं पान आलं. या मेल्यांना फळापेक्षा हाराचं जास्त कौतुक!

"आणि पत्ता? फोन?" तिनं विचारलं.

"अगं पोरी, मला कोन वळखत न्हाई?" बिभीषणराव म्हणाले. "स्टँडवर इचारलं तर शेंबडं पोरगंबी घर दावतंय. त्याला पान कशाला?"

"निदान फोटोखाली एक ओळ टाकू द्या."

"फोटोखाली नाव हाय की. बास झालं."

सगळे हसले. दादाही हसले, आणि त्या हसण्याची तिला सगळ्यात जास्त शिसारी आली.

उद्घाटनाला मॉनिटरपुढं नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. कीबोर्डात सांडलेलं कुंकू प्रज्ञा दोन दिवस पिनेनं कोरत बसली होती.

तोडणीच्या दिवसांत ती गावी गेली, तेव्हा दादा ओट्यावर खुशीत बसले होते.

"पोरी, तुजी वेबसाइट पावली बघ! मुंबईचा व्यापारी आल्ता. संघाचं नाव त्यात वाचलं म्हनला. स्टँडवर मलाच भेटला. अध्यक्षाचं घर कुटं म्हनला, तर मी त्याच्या गाडीत बसून दावायला गेल्तो."

"मग आपला माल बघितला त्यानं?"

"आपला कुटला? बिभीषणरावाच्या बागंतच त्याचा टेम्पो भरला की. लई मोटा मानूस. मला च्या पाजला."

 घरामागं झाडांवर पिकलेली डाळिंबं उलायला लागली होती, आणि त्यांच्यावर माश्या घोंघावत होत्या.

"दादा, आपलीपण बाग आहे, एवढं तरी सांगायचं होतंत त्याला."

सहादूंनी तिच्याकडं नवलानं पाहिलं.

"त्यानं घर इचारलं, मी घर दावलं. मला कुनी डाळिंबाचं इचारलंच न्हाई."