मुक्ताबाईचे पांढरे ठोकळे

सुप्याच्या एमआयडीसीमागे मुक्ताबाईची पत्र्याची शेड होती. ऑफिसांची छतं आणि आडभिंती मोडल्या की जिप्समचे फुटके बोर्ड निघतात. ते ती उचलून आणायची. कागद सोलायचा, स्क्रू वेचायचे, चुरा दळून भट्टीत भाजायचा. भाजलेली भुकटी पाण्यात कालवून साच्यात ओतली की भिंतीचे ठोकळे तयार. नवरा गेल्यावर तिने आणि सून अश्विनीने हे काम उभं केलं होतं.

हेच बोर्ड पूर्वी बन्सीचा ट्रॅक्टर गायरानात नेऊन ओतायचा. मुक्ताबाईमुळे त्याच्या खेपा बंद पडल्या. त्याने एकदा साचे फोडले, एकदा भट्टी विझवली. बाई हटली नाही.

मग एका दुपारी तो दोन माणसं घेऊन आला. अश्विनी बोअरवर गेली होती. मुक्ताबाई मोठ्या घमेल्यात भुकटी कालवत होती. एकाने तिच्या तोंडावर ठोसा मारला, दुसऱ्याने केस धरून खाली पाडलं. बन्सीने तिचा उजवा हात मनगटापर्यंत त्या गाऱ्यात दाबला आणि वर पाय दिला.

“माल उचलनार न्हाई, एवढं म्हन.”

ती तेवढं सोडून बोलली, “बन्सी, हात काढू दे. हे घट्ट होताना तापतं.”

तो हसला. “बर्फावानी गार हाय की. कुनाला येड्यात काढती, मावशे?”

दहा मिनिटांत गारा दगड झाला. मग तापू लागला. मुक्ताबाई ओरडली ती अशी, की ती दोन माणसं आधी पळाली. बन्सीने तिचा हात ओढून पाहिला. हात सुटेना, आणि घमेल्याला हात लावताच त्याला चटका बसला. तोही पळाला.

अश्विनी धावत आली तेव्हा सासू जमिनीवर डोकं आपटत होती.

“हातोडा घे. बोटांकडं बघू नको. मार.”

सहाव्या घावाला ठोकळा फुटला. आतून निघालेली कातडी पांढरीच होती.

नगरला डॉक्टरांनी दोन बोटं काढली. तिसऱ्या दिवशी बन्सीचा भाऊ हनुमंत खाटेपाशी येऊन बसला. बन्सीला तापतं हे ठाऊकच नव्हतं, चुकून झालं, पोलीस केस नको, असं बराच वेळ समजावत राहिला. मुक्ताबाईने ऐकून घेतलं.

“मी त्याला सांगितलं हुतं,” ती म्हणाली.

मग जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला तिने तिघांची नावं सांगितली आणि कागदावर डावा अंगठा उठवला.