हिंडायचा भत्ता

इस्लामपूरच्या बाहेर चहाच्या टपरीवर ती एकदाच भेटली. ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरीला होती आणि स्वतःच्या मोटरसायकलवरून गावोगावची शेतं बघायची. हेल्मेट काढायच्या आधी तिनं गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो काढला. मी कारण विचारलं.

"कामासाठी जेवढी गाडी पळती, तेवढा कंपनी भत्ता देती. कामात खरचलेल्या त्या पैशावर टॅक्सबी लागत न्हाई," ती म्हणाली.

"एवढं फिरता, घरी चालतं?"

ती मोकळं हसली. "आवं, लगीन झालं तवा सासरे म्हणायचे, सुनेनं एवढं हिंडू नये. पयला भत्ता त्यांच्याच हातात दिला. आता गावभर सांगत्यात, आमच्या सुनेच्या हिंडण्यावर सरकारबी टॅक्स घेत न्हाई!"

सांगताना तिची मान ताठ झाली होती. चहा संपवून ती उसामधल्या रस्त्यानं निघाली. माझी लेकही अशीच हिंडावी, असं तिच्या पाठमोऱ्या गाडीकडं बघताना मला वाटलं.