काकूंची मतपत्रिका

मी पुण्यात नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवायचे, हे सनीव्हेलला आल्यावर कुणालाही सांगणं मी सोडून दिलं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई, नोकरी करायला कायद्यानेच मनाई. "मग तू दिवसभर काय करतेस?" असं पॉटलकच्या जेवणाला कुणी विचारलं की "मुलीला सांभाळते" म्हणायचे आणि वर हसायचेही. राग यायचा, पण एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये रागालाही जागा पुरत नव्हती. तो बहुतेक भांड्यांवर निघायचा.

काकूंना मात्र सांगितलं होतं. त्या दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरात राहायच्या. तीसेक वर्षांपूर्वी आलेल्या, कधीच्या सिटिझन झालेल्या. आदल्या हिवाळ्यात काका गेले आणि तेव्हापासून त्या एकट्याच होत्या. मुलीला शाळेत सोडून परतताना मी त्यांच्याकडे चहाला थांबायचे. २००५ च्या ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक जाड पुस्तिका सरकवली.

"तुझ्या सब्जेक्टमधलं काहीतरी आलंय बघ. मला ओ की ठो कळत नाही."

राज्यात निवडणूक होती आणि काही प्रस्तावांवर लोकांनीच थेट मत द्यायचं होतं. प्रत्येक मतदाराच्या घरी त्याची ही माहितीपुस्तिका येते. त्यातला एक प्रस्ताव मतदारसंघांच्या सीमांचा होता. आजवर या सीमा आमदारच आखायचे, म्हणजे ज्याला निवडून यायचंय त्यानेच आपल्या सोयीचं कुंपण घालायचं. ते काम आता काढून तीन निवृत्त न्यायाधीशांना द्यायचं आणि नव्या सीमा लगेच आखून घ्यायच्या, असा प्रस्ताव होता. ऐकायला छानच होतं, मीही मान डोलावली. मग वाचता वाचता अडले. सीमा लोकसंख्येवर आखतात, आणि लोकसंख्या धरली होती पाच वर्षांपूर्वीच्या जनगणनेतली. पाच वर्षांपूर्वी मी पुण्यात फळ्यावर ग्रामपंचायतीची रचना काढत होते.

यात एक गोष्ट मला फार लागली. जनगणनेत नुसते मतदार मोजत नाहीत, राहणारी सगळी माणसं मोजतात. व्हिसावरची मोजतात, पाळण्यातली मोजतात. त्या देशात मी बाकीच्यांच्या बरोबरीने एक होते अशी ती एकच जागा होती, आणि या घाईत तीही हुकणार होती. पुढच्या जनगणनेपर्यंत थांबा, आम्हाला मोजा आणि मग खुशाल आखा, असं मी काकूंना इतक्या तावातावाने सांगितलं की दोघींचा चहा निवला.

काकू खूश झाल्या. "शनिवारी लायब्ररीत मीटिंग आहे. नेबरहुडमधले लोक येतात, दोन्ही बाजू मांडतात. तू बोलायचंस. मी नाव देते तुझं."

नाही म्हणायला हवं होतं. पण दोन वर्षांत कुणी मला बोल म्हणालं नव्हतं. मी तीन दिवस भाजी चिरताना इंग्रजीत भाषण करत होते.

शनिवारी नवरा ऑफिसात अडकला, म्हणून सहा वर्षांच्या मुलीलाही बरोबर नेलं. लायब्ररीच्या मागच्या खोलीत वीसेक माणसं होती, बहुतेक पिकल्या केसांची. काकूंनी "आमच्या टीचर" अशी ओळख करून दिली. दोन वाक्यांनंतर माझा वर्गातला आवाज परत आला. किती दिवसांनी ऐकत होते मी तो. लोक मान हलवत होते, एक बाई लिहून घेत होत्या. मला चढलं. बोलण्यात कधी "आपण मतदार" आलं ते कळलंच नाही. आपण मतदारांनी फसू नये, आपण मतदारांनी विरोधात मत द्यावं, असं चाललं होतं माझं.

बोलून झाल्यावर प्रस्तावाच्या बाजूचे एक गृहस्थ उठले. उंच, सावकाश बोलणारे. खोचक बिलकुल नव्हते. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचं स्वतःचं मत विरोधात पडणार तर?"

"अर्थात," मी म्हणाले.

मुलगी पहिल्या रांगेत रंगवत बसली होती. तिने मान वर करून स्वच्छ आवाजात सांगितलं, "मॉम, वी कान्ट व्होट. यू टोल्ड मी."

माझे कान इतके तापले की दुखायला लागले. त्या गृहस्थांनाच बिचाऱ्यांना कसंतरी झालं. ते म्हणाले की काही हरकत नाही, तुम्ही आलात याचाच आनंद आहे. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनीच वाजवल्या. शाळेच्या गॅदरिंगला नाच विसरलेल्या मुलीला वाजवतात तशा. त्यापेक्षा कुणी हसलं असतं तर मला चाललं असतं.

गाडीत मुलीने विचारलं, "डिड आय से समथिंग बॅड?" मी नाही म्हणाले. काकू ड्राइव्ह करत होत्या, त्यांनी फक्त हीटर लावला. हिला मी खोटं बोलायचं नाही म्हणून सांगते, आणि आज हिनेच वीस लोकांपुढे माझं खोटं उघडं पाडलं. मला रस्त्यावरच्या सिग्नलकडेही बघवत नव्हतं.

नंतरचे दिवस मी शाळेतून परतताना दुसऱ्या गल्लीने आले. काकूंचा फोन वाजला तरी उचलला नाही. लायब्ररीत मुलीची पुस्तकं परत करायची होती, ती नवऱ्याला पाठवून केली.

दिवाळीच्या आधी काकू स्वतःच दारात उभ्या राहिल्या. एका हातात चकल्यांचा डबा, दुसऱ्या हातात मोठं पाकीट. पाकिटात त्यांची मतपत्रिका होती, पोस्टाने पाठवायची.

"हे घे," त्या म्हणाल्या, "ते बाउंड्रीवालं तू भर. पाकिटावर सही मी करते."

माझं डोकंच फिरलं. त्यांना माझी दया आली आहे, एवढंच मला दिसलं.

"काकू, मला कुणाचं उष्टं मत नकोय."

म्हणाले आणि लगेच जीभ चावली. काकूंनी डबा ओट्यावर ठेवला आणि खुर्चीवर बसल्या. बराच वेळ पाकिटाची कड सरळ करत राहिल्या.

"उष्टं कसलं गं," त्या म्हणाल्या. "मी कुठे कधी खाल्लंय?"

मला कळेना.

"आमचे हे भरायचे. स्वतःचं पण आणि माझं पण. मला हाक मारायचे ते सहीपुरती. मी पोळ्या करत असायचे, हात पुसून यायचे आणि सही करून जायचे. आतला कागद मी या वर्षी पहिल्यांदा बघितला. त्या दिवशी तू बोललीस तेव्हा वाटलं, हिला विचारावं. पण तू फोनच घेईनास. मला येतच नाही गं ते. म्हणून म्हटलं, तू भर."

इतकी वर्षं मताचा हक्क असलेली बाई माझ्या खुर्चीत बसून सांगत होती की तिने कधी मत दिलेलंच नाही. आणि मी इतके दिवस त्यांच्याकडे चहा पिऊन माझ्या न मिळालेल्या मताचं रडगाणं गात होते. एकदाही मी त्यांना विचारलं नव्हतं की तुम्हाला काय वाटतं. लायब्ररीतली लाज एका परीने साधी होती, चार लोकांपुढे फजिती झाली एवढंच. ही वेगळी होती. मी त्यांची माफी मागितली, पण ती नीट जमली नाही.

मग टेबल पुसलं आणि पुस्तिका उघडली. एकेक प्रस्ताव दोघींनी वाचला. सीमांचा आला तेव्हा मी थांबले. मी फक्त माझी बाजू सांगितली असती तर काकूंनी डोळे मिटून विरोधात खूण केली असती. तेच तर मला हवं होतं. शेवटी दोन्ही बाजू सांगितल्या. सभेत जे गाळलं होतं तेही सांगितलं, की आत्ताच्या सीमाही त्याच जुन्या जनगणनेवर आखलेल्या आहेत, आणि त्या आमदारांनी आखल्यात.

"मग करू काय?" काकूंनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं. आणि कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही."

मी उठून ओट्याकडे गेले आणि पाठ करून चकली खात उभी राहिले. एकदाच मागे वळले. काकू पेपर लिहिणाऱ्या मुलीसारखा डावा हात कागदावर आडवा धरून बसल्या होत्या. त्यांना वेळ लागला. मग पाकीट चिकटवल्याचा आवाज आला आणि त्यांनी स्वतःच त्यावर सही केली.

निवडणूक झाली आणि प्रस्ताव पडला. बातमी कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी फोनपाशी गेले. त्या सगळ्या मतांच्या ढिगाऱ्यात निदान एक खूण माझ्यामुळे असावी, एवढंच मला हवं होतं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मला राहवलं नाही.

"काकू, त्या बाउंड्रीच्या प्रपोजलला तुम्ही शेवटी काय केलंत?"

पलीकडे त्या हसल्या.

"विचारायचं नसतं ना, टीचर?" त्या म्हणाल्या. "उद्या चहाला ये. आणि जुन्या गल्लीनेच ये."