पिस्तूल माझंच, म्हणणारा दत्ता

फोन मल्लूचा होता, त्याच्या गॅरेजातून. मी शाळेत पेपर तपासत बसले होते. "आक्का, दत्ता गाडी धुता धुता खाली बसला... उठंनाच," एवढंच तो बोलला. मी रिक्षानं दवाखान्यात पोहोचेपर्यंत माझा धाकटा भाऊ गेला होता. त्याला आता दीड महिना झाला.

आम्हा भावंडांत दत्ता सगळ्यात हळवा. सांगोल्याकडच्या आमच्या गावी कोकरू आजारी पडलं की पोत्यात गुंडाळून छातीशी धरून बसायचा. मी शिक्षिका होऊन जुळे सोलापुरात आले. तो मेंढरं विकून काहीतरी मोठं करायला निघाला आणि भलत्याच माणसांच्या नादी लागला. मोडनिंबजवळ पोलिसांनी गाडी अडवली, तेव्हा डिकीत गांजा निघाला आणि सीटखाली गावठी पिस्तूल. वाटेत माल कुणी लुटेल या भीतीनं दत्तानं ते जवळ ठेवलं होतं. गाडी भाड्याची, चालवणारा अक्कलकोटकडचा मल्लू. मागं काय भरलंय हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं. पण दोघंही आत गेले.

वकिलांनी मला समजावलं, "गांजाचा कायदा वेगळा, शस्त्राचा वेगळा. दोन्ही एकत्र सापडलं की कोर्ट दयामाया दाखवत नाही, बाई. पिस्तूल त्याच्या अंगावर सापडलेलं नाही. माझं नाही, म्हणायला सांगा." कोर्टाच्या व्हरांड्यात मी दत्ताला तेच सांगितलं. आज लिहिताना लाज वाटते, पण सांगितलं. त्याचं नाही म्हटल्यावर ते कुणाच्या गळ्यात पडणार, हे मला कळत नव्हतं असं नाही...

"मग ते मल्लूवर जाईल की," तो म्हणाला. "त्याची पोरगी अजून रांगतीया, आक्का."

"आणि तुझं काय?"

"माझंच हाय की ते."

त्यानं न्यायाधीशांसमोर सगळं कबूल केलं. मल्लू सुटला. दत्ताला गांजाची एक आणि पिस्तुलाची दुसरी अशा दोन शिक्षा झाल्या, एक संपल्यावर दुसरी भोगायची. त्या दुसऱ्या शिक्षेत आमची आई गेली. मी रागानं कितीतरी महिने त्याला भेटायलाच गेले नाही. शेवटी गेले, तर जाळीपलीकडून त्यानं पहिलं काय विचारावं... "दम्याचं औषध घेतीस न्हवं?"

सुटून आल्यावर त्याला कुणी कामाला ठेवेना. मल्लूनं तोवर स्वतःचं गॅरेज काढलं होतं. एका सकाळी तो दारात आला आणि दत्ताला हाताला धरून घेऊन गेला.

तुरुंगातली एक सवय मात्र सुटली नाही. माझ्याकडे आला की दत्ता उंबऱ्याबाहेर थांबायचा, पँटचे दोन्ही खिसे उलटे करायचा आणि हात अंगापासून लांब धरायचा. झडतीची सवय ती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुढं मी त्याचे खिसे आत सारायची आणि म्हणायची, "चल, जेवायला."

परवा मल्लू त्याच्या कपड्यांची पिशवी देऊन गेला. धुतलेल्या दोन पँटी होत्या, खिसे बाहेर लोंबत असलेल्या... मी ते एकेक करून आत सारले.